चाळिशीनंतरची सायकल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाईंनी मला देवळाच्या पायरीवर गाठले आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचं. विषय तुमचाच, सायकल." मी म्हटले, "अहो, मला सायकल चालवता येते, बोलता कुठे येतं?" त्यावर त्या म्हणाल्या, "सायकल तरी तुम्हाला कुठे येत होती?" याला काही मला उत्तर सुचले नाही, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे. बोलण्यात काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे.

मी सायकल शिकले ती वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. तोवर सायकल म्हणजे पुरुषांनी आणि शाळेच्या मुलांनी चालवायची गोष्ट, असेच माझ्या मनात होते. ते मनात कुठून आले, हे आधी सांगते.

माझे माहेर इथून शेखाडीच्या वाटेवर, समुद्राकाठच्या एका लहान गावात. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचे तर श्रीवर्धनला यायचे. एस. टी. च्या वेळा शाळेशी जुळत नसत, आणि चालत यायचे तर जाऊन येऊन चार तास. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला वडिलांनी जुनी सायकल घेऊन दिली, आणि तो हायस्कुलात जाऊ लागला. १९९२ साली मी सातवी झाले तेव्हा मीही म्हटले की, मला सायकल शिकवा, मी दादाबरोबर जाईन. आई म्हणाली, "मुलीच्या जातीनं सायकल चालवायची? लोक काय म्हणतील?" झाले, शाळा संपली. आईवर माझा राग नाही. तेव्हा आमच्या बाजूला कुणाचीच मुलगी सायकलवर बसत नव्हती, तर तिने तरी कुठे पाहिले असणार?

गंमत अशी की, ज्या सुमारास माझी शाळा सुटली, त्याच सुमारास तिकडे तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात वेगळाच प्रकार चालला होता. हे मला मुलीने वाचून दाखवले. तिथे साक्षरतेची मोठी मोहीम निघाली होती आणि जिल्ह्याच्या कलेक्टर शीला राणी चुंकत या बाई होत्या. बायकांना लिहाय-वाचायला शिकवायचे, त्याबरोबर सायकलही शिकवायची, असे त्यांनी ठरवले. शेतमजूर बाया, खाणीवर दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या सेविका, हजारोंनी सायकल शिकल्या. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा पुरुषांच्या दांडीच्या सायकलींवर बसल्या. पुढे मूल, मागे पाण्याची कळशी. लोक हसले, नावे ठेवली, आणि मग सवयीने गप्प बसले. मी ऐकत होते आणि मनात हिशेब करत होते. म्हणजे आमच्या आईने नाही म्हटले त्या वेळी माझ्या आईच्या वयाच्या बाया तिकडे शिकत होत्या!

बिहारमध्येही २००६ साली सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देण्याची योजना काढली. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुली जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढलेल्या आढळल्या, आणि त्यातही शाळा लांब असलेल्या गावांत अधिक. यात नवल वाटण्याजोगे मला तरी काही दिसले नाही. लांबची शाळा म्हणजे काय, ते मी जाणते.

असो. आता मुख्य हकिगतीकडे येते.

३ जून २०२० हा दिवस श्रीवर्धनात कुणाला सांगायला नको. निसर्ग वादळ त्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढले. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा होता म्हणतात. आम्ही खाटेखाली बसून ऐकला तो आकड्यात मावणारा नव्हता. संध्याकाळी दार उघडले तर वाडी ओळखू येईना. माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेले माड आडवे, पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडलेल्या. ज्या रोठा सुपारीवर आपल्या गावाचे नाव चालते, तिची बाग दोन-चार तासांत गेली. वीज नाही, फोन नाही, रस्त्यावर जागोजाग झाडे.

माहेरची काहीच बातमी नव्हती. आई सत्तरीच्या घरात, घर अगदी समुद्राच्या तोंडावर. एक दिवस गेला, दुसरा गेला. आमचे हे छपरावर ताडपत्री बांधण्यात आणि वाट मोकळी करण्यात गुंतलेले. तिसऱ्या दिवशी सकाळी भावाचा मुलगा दारात उभा. सायकलवर आला होता; झाड आडवे आले की सायकल खांद्यावर घ्यायची आणि पलीकडे उतरवायची. म्हणाला, "आत्ये, आजी पडली. मनगट मोडलंय. बाबांनी कामट्या लावून बांधलंय, पण ती दुखण्यानं तळमळतेय. तुझं नाव घेते."

आमच्या पडवीत मुलीची सायकल उभी होती. मुलगी तेव्हा नववीत, पण करोनामुळे शाळा बंद, म्हणून सायकल जागची हलली नव्हती. मी त्या सायकलीकडे पाहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. तो पोरगा दीड तासात आला होता. मी त्याच्याबरोबर चालत निघाले, तर साडेतीन तास लागले. माझे गुडघे तेव्हाच दुखत असत, चढावर दम लागे. तो बिचारा सायकल हातात धरून माझ्या चालीने चालला. वाटेत मी त्याला दोनदा म्हटले की, तू पुढे जा; तर म्हणतो, "आत्ये, तुला एकटी सोडून गेलो तर आजी मला ओरडेल." आईपाशी पोचले तेव्हा ती नुसती म्हणाली, "आलीस?" पुढे दोन दिवसांनी रस्ता मोकळा झाल्यावर टेंपोने तिला श्रीवर्धनला आणून हात प्लॅस्टरमध्ये घातला. हात बरा झाला. पण ते साडेतीन तास माझ्या मनातून गेले नाहीत.

पुढे मुलीने एक गोष्ट सांगितली. २०१८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला आहे. म्हणजे ज्या दिवशी आपले गाव झोपले, तो सायकलीचा दिवस! कुणी त्याचा काही अर्थ लावावा असे नाही. पण मी तो विसरत नाही.

तो पावसाळा फार वाईट गेला. पोफळ लावली की धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर खायचे काय, ही चिंता घरोघर होती, आमच्याकडेही होती. मी कामे करायची, पण कशात जीव नसायचा. रात्री झोप नाही, दिवसा उत्साह नाही, वजन मात्र वाढत चालले. दिवाळीच्या आधी रक्त तपासले तर उपाशीपोटी साखर १२४. डॉक्टर म्हणाले, "अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. रोज चाला." मी म्हटले, गुडघ्यांनी चालवत नाही. तर ते म्हणाले, "मग सायकल चालवा. बसून चालवायची असते, अंगाचा भार बैठकीवर पडतो, गुडघ्यांवर नाही." मी हसले. घरी येऊन सांगितले तर सगळेच हसले. मुलगी तेवढी हसली नाही. म्हणाली, "आई, उद्या सकाळी ओहोटी आहे. पुळणीवर जाऊ."

भगिनींनो, ओहोटीला आपल्या पुळणीची वाळू कशी पाटासारखी कडक होते ते तुम्हाला ठाऊक आहेच. पहाटे अंधारात गेलो, कुणी पाहू नये म्हणून. मुलीने बैठक अगदी खाली केली, पायडल काढून ठेवले आणि म्हणाली, "नुसते पायांनी ढकलत चाल. तोल आला की पाय उचल." मला वाटले ही थट्टा करते आहे. पण तीच रीत खरी आहे. जर्मनीत कार्ल ड्राईस नावाच्या गृहस्थाने १८१७ साली जी पहिली दुचाकी केली, तिला पायडल नव्हतेच; लोक पायांनी ढकलतच चालवत. तोल आधी आणि पायडल नंतर. मागून कुणी धरायचे आणि हळूच सोडून द्यायचे, या रीतीने मोठी माणसे भितात आणि पडतात. पाय जमिनीला टेकत असले की भीती राहत नाही.

चौथ्या दिवशी मी दहा-बारा हात पाय न टेकता गेले. आठव्या दिवशी पायडल लावले. बाराव्या दिवशी गल्लीत आले आणि वळण न साधून शेजाऱ्यांच्या जांभ्याच्या गडग्यावर आदळले. कोपर सोलले, ओढणी फाटली. शेजारच्या काकू धावत आल्या. मला वाटले, आता ऐकावे लागणार. तर हळद लावता लावता त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, जमलं की मलाही शिकवा हो." त्या आज इथे बसल्या आहेत. नाव सांगत नाही. हसणाऱ्या कोण ते बघा!

सासूबाई मात्र आठ दिवस बोलल्या नाहीत. "सून चाळिशीला आली आणि हिला सायकल सुचते" असे त्या देवापुढे बसून देवाला सांगत, म्हणजे मला ऐकू यावे. एकदा दुपारी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. हे वाडीत, मुलगी क्लासला. मी सायकल काढली आणि पंधरा मिनिटांत गोळ्या आणून हातावर ठेवल्या. त्या दिवसापासून "सायकल" म्हणणे बंद झाले आणि "तुझी गाडी" म्हणू लागल्या. आता तर "गाडी काढ गं, देवळातून अंगारा आण" असा हुकूम होतो.

प्रकृतीचे विचाराल तर जे खरे तेच सांगते. पहिल्या महिन्यात गुडघे जास्तच दुखू लागले आणि मी सायकल सोडणार होते. सायकलच्या दुकानातल्या भाऊंनी पाहिले आणि म्हणाले, "ताई, बैठक फार खाली आहे." शिकताना खाली केलेली बैठक आम्ही वर करायलाच विसरलो होतो. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हावा, एवढी बैठक उंच हवी. खाली असली की गुडघा प्रत्येक फेऱ्याला दुमडून दाबला जातो. बैठक वर केली आणि पंधरा दिवसांत दुखणे कमी झाले. मांडीचे स्नायू बळकट झाले की ते गुडघ्याला धरून ठेवतात, असे डॉक्टरांनी नंतर समजावले. साखरेचेही तसेच. स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर खाऊ लागतात. आणि मांडीचे स्नायू हे अंगातले मोठे स्नायू.

आठवड्याला निदान १५० मिनिटे अंग घाम येईल इतपत हलावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तेवढेच मी करते. वर्षाने माझे वजन ७४ चे ६७ किलो झाले, उपाशीपोटीची साखर १०२ वर आली. जेवणातला भात मी कमी केला होता, तेही यात धरा. सगळे श्रेय सायकलीला देणे बरे नाही. आणि जिला मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिने सायकल घेतली म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. हाडांसाठी थोडे चालणेही लागते, ते सायकलीने भागत नाही.

पण साखर आणि वजन यांपेक्षा मला जे मोठे वाटते ते वेगळे आहे. झोप परत आली. सकाळी उठून पडलेल्या वाडीकडे पाहताना छातीत जो गोळा येई, तो हळूहळू विरला. पहाटे जीवनेश्वरावरून समुद्राच्या बाजूला जावे, वारा तोंडावर घ्यावा, होड्या परतताना दिसाव्यात, पेशवे आळीतून घरी यावे. अर्ध्या तासाचे हे फिरणे, पण त्यात मी कुणाची सून नाही, कुणाची आई नाही. उतारावर पाय थांबवले की सायकल आपणहून जाते. त्या वेळी मला एकदा मोठ्याने हसू आले आणि समोरून येणाऱ्या दूधवाल्याने विचारले, "काय झालं वहिनी?" काय सांगणार! काही झाले नव्हते.

मी एकटीच वेडी असेन असे वाटे, तेव्हा मुलीने पुण्याच्या प्रीती म्हस्के यांची हकिगत दाखवली. दोन मुलांची आई. आजारपण आणि मनाची उदासी यांतून बाहेर येण्यासाठी त्यांनी चाळिशीत सायकल धरली. आणि २०२२ च्या जूनमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचे हिमालयातले अंतर त्यांनी एकटीने ५५ तास १३ मिनिटांत पार केले. आपल्याला काही हिमालयात जायचे नाही. पण चाळिशीनंतर बाईच्या पायांत काय उरलेले असते, ते त्यावरून कळते.

आता ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी चार सूचना. एक, ओढणी किंवा पदर पाठीमागून घट्ट खोवावा. चाकात गेला की पडणे ठरलेले. साडी नेसून चालवायची तर मध्ये दांडी नसलेली लेडीज सायकल आणि साखळीवर झाकण हवे. पूर्वी परदेशात बायका लांब घागरे घालत, त्यांच्यासाठीच तसली सायकल निघाली. दोन, दोन्ही ब्रेक बरोबर दाबावेत. नुसता पुढचा एकदम दाबला तर माणूस पुढे फेकला जातो. रस्त्यावर वाळू आलेली असते, तिथे वळू नये. तीन, पुळणीवर शिकून आलात की सायकल गोड्या पाण्याने धुऊन पुसावी आणि साखळीला मशीनचे तेल द्यावे. आपली खारी हवा लोखंड खाते. घरात आहे म्हणून खोबरेल घालू नये, त्यावर धूळ बसून चिकटा होतो. चार, चढ लागला तर उतरून चालावे. त्यात लाज कसली? मी आजही उतरते.

दर गुरुवारी मी आता माहेरी जाते. सकाळी सहाला निघते, वाटेत एकदा थांबते, आणि तासाभरात आईच्या अंगणात असते. पहिल्यांदा गेले तेव्हा आई पडवीत बसली होती. तिने सायकलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, जुने काही बोलेल. मीही वाट पाहत होते की काय, कोण जाणे. मग ती म्हणाली, "चहा घे. आणि ऊन व्हायच्या आत नीघ." निघताना मात्र तिने बऱ्या झालेल्या हाताने चाक दाबून पाहिले आणि विचारले, "हवा आहे ना पुरती?" अजून दर गुरुवारी विचारते.

शेवटी एक विनंती. गेल्या दोन वर्षांत आपल्यातल्या सहाजणी माझ्या मुलीच्या त्या एकाच सायकलीवर शिकल्या. आता मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आहे आणि सायकल पार थकली आहे. मंडळाच्या शिलकेतून दोन लेडीज सायकली, जुन्या का होईनात, घ्याव्यात. सभासद भगिनींनी पाळीपाळीने त्यांवर शिकावे, आणि ज्या मुलींच्या घरी सायकल नाही त्यांनाही शिकू द्यावे. धुण्यापुसण्याचे आणि तेलाचे काम मी करीन. शिकवायला ओहोटीच्या वेळी पहाटे पुळणीवर येईन. आज माझे काही चुकले असेल तर पोटात घाला, पण ही विनंती तेवढी कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत घ्या.

आमच्या वाडीत वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकी काहींना यंदा पहिला शिपटा आला आहे. गुरुवारी चार सुपाऱ्या आईला दाखवायला नेणार आहे. कुणाला बरोबर यायचे असेल तर सहाला देवळापाशी या.